शोभादर्शकाची गोधडी

परवा माझी चांगलीच फजिती झाली. अमेरिकेतल्या भाचीने फोनवर शिकवलेली 'कॅलिडोस्कोप' गोधडी करायला घेतली होती. गोधडी म्हणजे बाहुलीच्या पांघरुणाएवढी, जेमतेम हातभर, तिच्या धाकटीसाठी. कृती ऐकायला सोपी. कापडावर एकच नक्षी जिथे जिथे परत येते तिथले सहा तुकडे एकावर एक रचायचे, सहाही थरांतून एकाच पाकळीवर टाचणी टोचायची आणि सगळे थर समभुज त्रिकोणात एकदम कापायचे. सहा कोन, साठ-साठ अंशांचे; एका बिंदूभोवती मांडले की ३६० पुरे. (मी गणिताची बाई नव्हे, पण एवढं येतं!) त्यातून अशी काही चांदणी उमलते की मूळ कापड ओळखू येत नाही. थर रचून कापायची ही रीत बेथनी रेनॉल्ड्स यांच्या १९९८ सालच्या पुस्तकाने तिकडे घरोघरी पोचवली.

मी कपाटातली ठशांची चादर काढली. टाचणी पहिल्या थरात पाकळीच्या टोकावर, सहाव्या थरात थेट देठाजवळ! हाताने ठसा उमटवणारा माणूस दर वेळी थोडा तरी सरकणारच. चादरीची शोभा त्यानेच वाढते, पण माझी चांदणी फिसकटली.

तंतोतंत तेच ते उमटवणं हे यंत्राचं काम. १७८३ साली थॉमस बेल या स्कॉटिश माणसाने तांब्याच्या कोरीव रुळाने कापड छापण्याचं पेटंट घेतलं. रुळाचा एक फेरा झाला की तीच नक्षी पुन्हा हजर. त्याआधी इंग्लंडला वेड होतं आपल्या चिटाचं. हिंदीतल्या 'छींट'चंच इंग्रजीत 'चिंट्झ' झालं. तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांनी एवढी ओरड केली की १७२१ साली छापील सुती कापड अंगावर किंवा घरात वापरायलाच कायद्याने बंदी आली. ती १७७४ साली उठली, आणि नऊ वर्षांत बेलचा रूळ आला. पुढे त्याच गिरण्यांचं कापड आपल्याकडे आलं, ते सांगायला नकोच.

नावातला कॅलिडोस्कोपही स्कॉटलंडचाच. आपल्या पुस्तकांतला शोभादर्शक! शाळेत आम्ही काचेच्या तीन पट्ट्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे घालून तो करत असू. डेव्हिड ब्रूस्टर यांना तो १८१६ साली सुचला, १८१७ मध्ये त्यांनी पेटंटही घेतलं. पण नकला इतक्या झाल्या की बिचाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

मात्र एक फरक आहे. शोभादर्शकात शेजारचं चित्र आरशातलं, उलटं असतं. गोधडीत सहाही तुकडे सुलटेच, नुसते गोल फिरलेले. म्हणून ही चांदणी जरा भिंगरीसारखी दिसते. मला तीच जास्त आवडली.

असो. गिरणीत छापलेलं, पुरेसं लांब कापड घरात एकच होतं, ताईचं व्हॉइलचं पातळ. निळी फुलं, वीतभर अंतराने तीच. ताई जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या आईने जन्मभर विरलेल्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या. धडक्या कापडाला कात्री लावलेली तिला खपली नसती. आणि इथे तर मधूनमधून तुकडे कापायचे, म्हणजे उरलेलं भोकाभोकांचं! भाचीला फोन केला. आई तिची. ती थोडा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, "मावशी, पदर ठेव. बाकीचं काप."

टाचणी सहाही थरांतून सरळ गेली.

चांदण्या सात झाल्या. पाठीला उरलेल्या पातळाचंच अस्तर लावलंय, भोकं चुकवत चुकवत. पदर घडी घालून वेगळा ठेवलाय. भाची दिवाळीत येणार आहे.