शरीरांतील पाणी आणि पटकीचा धडा

शरीरांतील पाणी म्हटलें कीं प्रथम रक्तच डोळ्यांपुढें येतें. वस्तुतः रक्ताच्या वांट्याला त्याचा अगदीं लहान भाग येतो. ७० किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या शरीरांत सुमारें ४२ लिटर पाणी असतें. त्यापैकीं २८ लिटर पेशींच्या आंत, ११ लिटर पेशींच्या भोंवतीं, आणि रक्तद्रवाच्या रूपानें वाहिन्यांतून फिरणारें अवघें ३ लिटर! या वांटणीचें महत्त्व वैद्यकाला पटकीनें शिकविलें. पण त्या धड्याचें मोल फार पडलें.

१८३१ सालीं पटकीची सांथ इंग्लंडांत शिरली. रोग्याची शीर कापून रक्त काढणें हा तेव्हांचा रूढ उपचार. ज्याचें रक्त आधींच आटलें, त्याचेंच रक्त आणखी काढावयाचें! अशा वेळीं विल्यम ओशॉनेसी हा २२ वर्षांचा आयरिश डॉक्टर संडरलंडला गेला. पुढें हिंदुस्थानांत तारायंत्र उभारणारा गृहस्थ तो हाच. रोग्यांच्या रक्तांतील पाणी व क्षार हीं दोन्हीं घटलीं आहेत, असें त्यानें तपासून दाखविलें.

हें वाचून स्कॉटलंडांतील लीथ येथील डॉ. टॉमस लॅटा यांनीं १८३२ मध्यें क्षारयुक्त पाणी थेट शिरेंत सोडलें. पहिली रोगी एक मरणोन्मुख वृद्धा होती. सुमारें सहा पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर पाणी आंत गेलें, आणि तिच्या निस्तेज चेहऱ्यावर कळा आली. तिला दुसऱ्या डॉक्टरांच्या हवालीं करून लॅटा निघून गेले. पुन्हां वांत्या व जुलाब सुरू झाले. उपचार मात्र पुन्हां झाला नाहीं. साडेपांच तासांत ती वारली. तो पुन्हां झाला असता तर ती बरी झाली असती, असें लॅटांनींच लिहून ठेविलें आहे.

असें कां व्हावें? पटकींत आंतड्यांवाटे पाणी व क्षार सारखे वाहत असतात. रक्तद्रव कमी होतांच पेशींभोंवतालचें पाणी त्याच्या मदतीला येतें. तेंही सरलें कीं नाडी लागेनाशी होते. बरें, नुसतें पाणी देऊनही भागत नाहीं. पाण्याला पेशींबाहेर धरून ठेवतें तें मुख्यतः सोडियम. मिठावांचून दिलेल्या पाण्याचा बराचसा भाग पेशींत शिरतो.

१८३३ त लॅटा वारले. मरणाच्या दारीं पोंचलेल्यांवरच हा उपाय होत असल्यानें यश थोडें दिसे, आणि तो मागें पडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनीं क्षारजलानें पटकीचे मृत्यू पुष्कळ कमी केले. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत शिरेंतून देण्याचें क्षारजल संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी तोंडानें पाजविलें. ग्लुकोजबरोबर आंतडें मीठ ओढून घेतें आणि मिठामागोमाग पाणी येतें. रोग्यांचे आप्तच पेले भरून देत होते, आणि जितकें जाई तितकें पुन्हां पाजीत होते. लीथच्या त्या वृद्धेला उणें पडलें तें एवढेंच.