सेनियोच्या बांधावरचा शिपाई : पायदळी शौर्याची मीमांसा

रणांगणावरचे शौर्य म्हणजे क्षणभराचा आवेश, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिपाई नामदेव जाधव यांची कामगिरी टप्प्याटप्प्याने तपासली, तर ही समजूत टिकत नाही.

जाधव संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. जन्म १८ नोव्हेंबर १९२१. दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत ते कंपनीचे रनर होते. कंपनी कमांडरच्या जवळ राहून निरोप पोचवणे, हे त्यांचे काम.

कामगिरी समजायची तर आधी भूमी समजली पाहिजे. इटलीतल्या सेनियो नदीला दोन्ही काठांनी पूर अडवणारे बांध आहेत. खाडीकाठी राहणाऱ्याला मिठागरांचे बांध परिचित असतात; सेनियोचे बांध त्याहून कितीतरी उंच, आणि जर्मनांनी ते पोखरून त्यांत मशिनगनचे मोर्चे बसवलेले. नदी ओलांडणारा माणूस थेट त्यांच्या तोंडी येई.

९ एप्रिल १९४५ रोजी नेमके हेच घडले. पश्चिमकाठावर पोचताच कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे ठार. धड राहिले ते एकटे जाधव. त्यानंतरच्या त्यांच्या कृतीचे तीन टप्पे पडतात.

पहिला, बचावाचा. एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या चढावरून त्यांनी सुरक्षित जागी नेले. मग तोच धोका पत्करून दुसऱ्याला आणले.

दुसरा, हल्ल्याचा. टॉमीगनने पहिला मोर्चा बंद पाडला. हाताला गोळी लागून बंदूक चालवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन मोर्चे उद्ध्वस्त केले. मध्ये बॉम्ब संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. केवळ आवेशाने धावणारा माणूस साठा भरायला मागे वळत नाही. सोबत्यांच्या मरणाचा संताप होताच. पण त्याला हिशेबाची शिस्त होती.

तिसरा, वाट मोकळी करण्याचा. मशिनगन थंडावल्यावर, उखळी तोफांचा मारा चालू असतानाच, ते बांधावर उभे राहिले आणि शिवाजी महाराजांच्या जयघोषात मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले. हे आधी केले असते, तर मागून येणाऱ्यांची कत्तल झाली असती.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर तुटून पडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना हाच सन्मान मरणोत्तर मिळाला. जाधव मात्र परतले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ मध्ये वारले. म्हणजे बलिदान ही शौर्याची अट नव्हे. आपल्या कृतीने मागच्यांना वाट मिळाली का, हीच पायदळी शौर्याची खरी कसोटी. आपल्या शाळांनी पदकांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना या तीन टप्प्यांचा क्रम समजावून सांगावा.