ट्रॅक्टर खरेदीपूर्वी चाचणी बांधीतच घ्यावी

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याचे मुख्य पीक धान. येथे ट्रॅक्टरची कसोटी डांबरी रस्त्यावर नव्हे, तर पाणी साचलेल्या बांधीत चिखलणी करताना लागते. रोवणीचे दिवस मोजके असतात. त्या काळात यंत्र कमी पडले तर हंगाम हुकतो, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. त्यामुळे विक्रेत्याच्या दालनाबाहेर एक फेरी मारून निर्णय घेणे योग्य नाही.

चाचणी स्वतःच्या शेतात, स्वतःच्या अवजारासह घ्यावी. जाहिरातीत सहसा इंजिनाची अश्वशक्ती दिलेली असते. रोटाव्हेटर मात्र पीटीओवर मिळणाऱ्या शक्तीवर चालतो आणि ती इंजिनापेक्षा कमी असते. अवजार चिखलात असताना इंजिन दबते काय, हायड्रॉलिकने ते सहज उचलले जाते काय, लहान बांधीत ट्रॅक्टर किती जागेत वळतो, हे पाहावे. कामापूर्वी टाकी पूर्ण भरावी व नंतर पुन्हा भरून डिझेलचा खर्च काढावा.

रुतलेला ट्रॅक्टर जोर लावून पुढे काढू नये. मागची चाके अडली असता पुढचा भाग उचलून तो चालकावर उलटू शकतो. रिव्हर्समध्ये हळू बाहेर काढणे अधिक सुरक्षित. शेतात वेगवेगळे वापरलेले डावे-उजवे ब्रेक रस्त्यावर येण्यापूर्वी जोडून घ्यावेत.

मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. पीटीओची शक्ती, इंधनाचा वापर व ब्रेकची कामगिरी तिच्या अहवालात नमूद असते. सौदा ठरविण्यापूर्वी संबंधित मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे अवश्य मागावा.