मातीतला तोफगोळा : ओळख आणि दक्षता



दिग्गीसारख्या रानाने वेढलेल्या गावात राहणाऱ्यास युद्धे कोठेतरी दूर झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्याच जोयडा तालुक्यातील अनमोडहून डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची ६३ वी पायदळ ब्रिगेड गोव्यात उतरली व मोलेमवरून फोंड्याकडे गेली. त्याआधी अठराव्या शतकात हैदर, टिपू, पेशवे आणि इंग्रज यांच्या फौजांनी कर्नाटक तुडविले होते. अशा मुलखात नांगरताना किंवा विहीर खणताना एखादी जड, गंजलेली लोखंडी वस्तू हाती लागली, तर ती कोणत्या काळची, हे कसे ओळखावयाचे?

जुन्या तोफांचे गोळे वाटोळे असत. त्यांचे मुख्य प्रकार दोन. एक भरीव लोखंडी गोळा. तो केवळ आपल्या आघाताने तट फोडी. दुसरा पोकळ, आत दारू भरून वात लावलेला. यालाच आपल्या जुन्या भाषेत कुलपी गोळा म्हणत. पोकळ गोळ्यास वातीचे छिद्र असते. मात्र ते गंजाने आणि मातीने बुजून गेले, म्हणजे दोन्ही गोळे वरून सारखेच दिसतात. निरुपद्रवी कोणता आणि घातक कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, ते यामुळेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफेच्या नळीत आतून पीळ पाडण्याची पद्धत रूढ झाली आणि गोळ्याचा आकार लांबट, टोकदार झाला. अशा गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याचे कडे असते. तोफ डागली की नळीतील पिळाचे तिरपे चरे या कड्यावर उमटतात. कडे गुळगुळीत असेल तर गोळा डागलेला नाही; चरे असतील तर तो डागलेला, पण फुटावयाचा राहिलेला, आणि म्हणून अधिक भयंकर. कड्याचा व्यास तोफेची जात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या व पुढे आपल्या सैन्यानेही वापरलेल्या पंचवीस पौंडी तोफेचा व्यास ८७.६ मिलिमीटर होता. गोळ्यावर कोरलेली अक्षरे व आकडे टिकून असतील, तर कारखाना आणि सालही कळू शकते.

ओळख पटविण्यास केवढी चिकाटी लागते, याचे उदाहरण आपल्या दक्षिणेस, शिमोगा जिल्ह्यातील नगर येथे मिळते. हेच मराठ्यांच्या इतिहासातील बिदनूर. तेथे २००२ साली काही गंजलेली लोखंडी नळकांडी सापडली. ती नेमकी कशाची, हे लगेच उमगले नाही. काही वर्षांच्या अभ्यासानंतर ते म्हैसूरच्या फौजेचे अग्निबाण ठरले. पुढे जुलै २०१८ मध्ये तेथील एका कोरड्या विहिरीतील मातीला बंदुकीच्या दारूचा वास येतो, या खुणेवरून पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा असे एक हजाराहून अधिक बाण निघाले. त्यांत सोरा आणि कोळसा यांचे मिश्रण आढळले. जुन्या मराठी कागदांत ‘बाण’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर धनुष्य उभे राहते. तो बाण पुष्कळदा दारूने उडणारा असे, याची साक्ष या नळकांड्यांनी दिली.

परंतु काळ लोटला म्हणून दारूगोळा निवतो, असे मात्र कोणी समजू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्यावर सुमारे १४०० टन स्फोटके होती. शेकडो माणसे प्राणांस मुकली. आग विझविताना ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्या जहाजावरील सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे बंदरातील गाळात सापडत राहिल्या. आणि त्याच बंदरात २०११ साली एक जिवंत तोफगोळाही मिळाला. मध्ये सदुसष्ट वर्षे गेली होती.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. अशी वस्तू दिसली तर तिला हात लावू नका. ती धुऊ नका, खरवडू नका, घरी किंवा शाळेत आणू नका. भंगार म्हणून विकण्याचा मोह तर मुळीच धरू नका. दुरूनच जागा नीट लक्षात ठेवा, इतरांना जवळ जाऊ देऊ नका आणि वडीलधाऱ्यांकरवी पोलिसांना कळवा. स्फोटके निकामी करणारे जाणकार तिचा धोका दूर करतील. मग इतिहासाचे अभ्यासक तिचे वय सांगतील.

यात इतिहासाचेही हित आहे. वस्तू कोठे, किती खोल आणि कशाच्या सोबत सापडली, ही माहिती त्या वस्तूइतकीच मोलाची असते. जागेवरून हलविलेला गोळा म्हणजे तारीख फाडून टाकलेले पत्र होय. न हलविता राखलेली वस्तू इतिहासाला पुरावा देते आणि राखणाऱ्याचे प्राणही वाचविते. जिज्ञासा आणि संयम हे दोन्ही गुण अंगी बाणविणे, हेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य आहे.