मस्तक आणि मैदान

आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा असला, तरी त्याचा संबंध आपल्या घरातील मुलामुलींशी आहे. अंगाला अंग भिडवून खेळावयाच्या खेळांत मस्तकास होणारी इजा, आणि ती टाळण्यासाठी मनुष्याने वेळोवेळी घालून घेतलेली बंधने, यांचा थोडासा मागोवा घेण्याचे मी योजिले आहे.

आपल्याकडे मल्लविद्येची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार व मेहनत यांचा विचार केलेला आढळतो. बळाला शिस्तीची जोड हवी, ही जाणीव तेव्हाही होती. परंतु रक्त पाहण्याची हौसही जुनीच. १८६० नंतरच्या दशकात बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या दरबारी आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने एका भयंकर कुस्तीचे वर्णन लिहून ठेविले आहे. मल्लांच्या हातांस शिंगाच्या नख्या बांधीत, आणि ते प्रहार करून एकमेकांस रक्तबंबाळ करीत. त्याच बडोद्यात १९२३ साली हिंद विजय जिमखान्याने हुतुतूची नियमबद्ध स्पर्धा भरविली. आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. नख्यांपासून नियमांपर्यंतचा हा प्रवास साठ-पासष्ट वर्षांत झाला. खेळाचे नियम मनुष्यच करतो व मनुष्यच बदलतो, हा त्यातील बोध होय.

आपल्या कुस्तीत ठोसा वर्ज्य आहे; पाठ जमिनीस टेकली की निकाल लागतो. हौद्यातील माती खणून, तीत तेल, ताक व हळद मिसळून ती मऊ राखण्याची पद्धत पूर्वजांच्या दूरदृष्टीची साक्ष देते. तरीही डोक्यावर डोके आदळते, चीत करताना मान व मस्तक सापडते. कबड्डीत पकड होताना प्रतिपक्ष्याचा गुडघा कपाळावर बसतो. कवटी फुटली नाही, रक्त आले नाही, म्हणजे काही झाले नाही, असे आपण समजतो. ही समजूत घातक आहे. बैलगाडीतून दह्याचे मडके नेले असता धक्क्याने मडके फुटत नाही, पण आतील दही मोडते. मेंदूचेही तसेच आहे. मस्तकास एकाएकी हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो व त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात.

हे ज्ञान पाश्चात्त्यांनाही उशिराच झाले. १९२८ साली अमेरिकेतील हॅरिसन मार्टलंड या रोगनिदानतज्ज्ञाने मुष्टियोद्ध्यांची लटपटती चाल व मंद झालेली बुद्धी यांचे शास्त्रीय वर्णन केले. २००५ साली बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलमधील एका मृत खेळाडूच्या मेंदूत अशाच ऱ्हासाची चिन्हे दाखविली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या खेळाच्या प्रमुख व्यावसायिक संघांतून खेळलेल्या १११ मृतांपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. हे मेंदू बहुतांशी शंकेमुळेच दान केलेले होते, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंस लावता येणार नाही. पण ही धोक्याची घंटा खरी. शिवाय एकच मोठा आघात नव्हे, तर वर्षानुवर्षे बसणारे लहान धक्केही कारण होतात, असे दिसून आले. म्हणूनच २०२० साली इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांस सरावात डोक्याने चेंडू मारू देऊ नये, अशी सूचना निघाली.

क्रिकेटचे उदाहरण आपल्यास अधिक जवळचे. १९६२ साली बार्बाडोस येथे भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी चेंडूने फुटली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी आणि आपल्या चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी यांनीही रक्त दिले. दिसणाऱ्या जखमेस सारे धावले. न दिसणाऱ्या हादऱ्यासाठी मात्र बदली खेळाडूचा नियम कसोटी सामन्यांत यावयास २०१९ साल उजाडावे लागले.

आमच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जत्रेच्या फडात मात्र पोरगा डोक्यावर आपटला, की तोंडावर पाणी मारून आपण त्यास पुन्हा आत ढकलतो! बैलाची जितकी पारख, तितकी तरी पोटच्या पोराची नको काय? मल्लाचा गाठाळलेला कान भूषण म्हणून मिरवतो. हादरलेला मेंदू मिरवत नाही. तो वीस वर्षांनी विसराळूपणाच्या, चिडखोरपणाच्या रूपाने घरात प्रगट होतो, आणि तो सोसावा लागतो बायकामुलांस.

मग आखाडे बंद करावे काय? मुळीच नाही. गोळेश्वरच्या मातीतून १९५२ साली हेलसिंकीचे कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव आपल्याच आखाड्यांचे फळ. आपण एवढेच करावे : डोक्यास मार लागून जो क्षणभरही गांगरला, ज्यास आठवेनासे झाले, चक्कर आली, त्यास त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, वांती, वाढती डोकेदुखी वा झापड दिसताच रुग्णालयात न्यावे, आणि वैद्याच्या संमतीने, पायरीपायरीनेच मैदानात परतू द्यावे. पंच, वस्ताद व आईबाप या तिघांनी हा नियम पाळला, तर खर्च काहीच नाही. एक कुस्ती सोडल्याने कोणाची अब्रू जात नाही. गेलेली स्मृती मात्र कोणताही वस्ताद परत आणून देऊ शकत नाही.