निळा टॉर्च आणि मालवणचं समुद्रफूल

ताथवड्यातल्या माझ्या खोलीत टेबलावरचा निळा टॉर्च पाहून घरमालकीण काकूंनी विचारलं होतं, "पोलिसांचा आहे का रे?" नाही, समुद्रफुलांचा आहे.

समुद्रातली चमक दोन प्रकारची. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला आणि कोकण किनाऱ्यावर निळ्या लाटा दिसल्या, त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती नॉक्टिलुका नावाच्या एकपेशीय जिवाची करामत. पाणी हललं की तो स्वतः उजळतो. त्याला टॉर्च दाखवला तर उलट काहीच दिसणार नाही. दुसरी चमक उसनी: काही प्रवाळ आणि समुद्रफुलं निळा प्रकाश घेतात आणि हिरवा परत देतात.

ही उसनी चमक १९२७ मध्ये सी. ई. एस. फिलिप्स यांनी इंग्लंडमधल्या टॉर्बेच्या समुद्रफुलांत नोंदवली. १९५० च्या दशकात रने काताला यांनी न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआच्या मत्स्यालयात अतिनील दिव्यांखाली प्रवाळ उजळलेले दाखवले. म्हणजे बघायचं तर प्रयोगशाळा हवी, नाहीतर मत्स्यालय. साध्या फिलामेंटच्या बल्बमध्ये निळा भाग मुळातच थोडा. तो फिल्टरने गाळून घ्यायचा म्हणजे बाकीची सगळी वीज उष्णतेत घालवायची. पाण्याखाली न्यायच्या सेलवर हे परवडणार कसं?

कोंडी फुटली ती जपानमध्ये. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, प्रखर निळा कुणाला जमत नव्हता. १९९३ मध्ये निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांनी तो करून दाखवला. आकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या घरातले पांढरे एलईडी बल्बही त्याच निळ्या चिपवर पिवळा लेप देऊन बनतात. तो लेप नसलेली चिप मिळाली की अर्धं काम झालं!

उरलेलं अर्धं भोसरीत. एका लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियमची नळी टर्न करून दिली, ओ-रिंगसाठी खाच पाडली. पहिल्या खेपेला रिंग मीच पिळवटून बसवली आणि बादलीतच पाणी आत गेलं. मोबाईलच्या लेन्सवर पिवळा जिलेटिन कागद लावला, कारण परावर्तित निळा अडवला नाही तर हिरवा त्यात बुडून जातो.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मी आत उतरलो नाही. ओहोटीला, रात्री, अभयारण्याबाहेरच्या खडकातल्या डबक्यापाशी बसलो, फिलिप्ससारखाच. पहिली चार समुद्रफुलं मख्ख राहिली. पाचव्याच्या कडा हिरव्या झाल्या. व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे, त्यातले सहा हललेले. मग भरती चढू लागली आणि मला चपला शोधाव्या लागल्या.