ओसरी ते पोर्च : छत्रपती संभाजीनगर परिसरातील घरापुढील आच्छादित जागेचा इतिहास

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या वास्तुइतिहासात लेणी, मकबरा, शहराचे दरवाजे यांवर विपुल लेखन झाले आहे. सामान्य माणसाच्या घरापुढील चार-सहा फूट आच्छादित जागेकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ओसरी, पडवी, ढेलज, व्हरांडा, पोर्च अशी तिची नावे बदलत गेली. परक्या माणसाला कुठपर्यंत येऊ द्यायचे, हे घर या जागेत ठरविते. या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील या जागेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेण्यांतील ओसरी :

अजिंठा येथील विहारांची रचना पाहता ओसरी, मंडप व गर्भगृह असा क्रम दिसतो. लेणे क्र. १७ च्या ओसरीत डाव्या टोकाला भवचक्राचे चित्र आहे. हे चित्र विहाराच्या प्रवेशस्थानी काढावे, असे बौद्ध साहित्यात सांगितले आहे. येणाऱ्याला पहिला पाठ तिथेच मिळावा, हा त्यामागील हेतू. लेणे क्र. १ पुढील मुखमंडप १९ व्या शतकातील छायाचित्रांत दिसतो. आज तो उरलेला नाही.

शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांतील ६ व्या शतकातील लेणे क्र. ७ या बाबतीत अधिक बोलके आहे. तेथे ओसरीतच, दाराशेजारी, संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. आग, चोर, हत्ती, जहाज फुटणे अशा संकटांत सापडलेली माणसे त्याची करुणा भाकत आहेत. ओसरीच्या एका टोकाला हारिती व पांचिक आहेत. प्रवासी व्यापाऱ्याची आणि लेकुरवाळ्या स्त्रीची चिंता ओसरीतच ऐकून घेतली जात होती, असे म्हणता येईल.

वाड्यातील ओसरी :

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचेच पुढे औरंगाबाद झाले. या भागातील माळवदी वाड्यात दरवाजातून आत येताच दोन्ही बाजूंस ओटे असलेली ढेलज, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि त्यामागे माजघर अशी मांडणी असे. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवी. पडवी बहुधा मागाहून काढली जाई; ‘पडवी काढणे’ हा शब्दप्रयोगच तसे सुचवितो.

मात्र या ओसरीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. कोणी ढेलजेत थांबायचे, कोणी ओसरीवर बसायचे आणि कोणी अंगणाबाहेरूनच हाक मारायची, हे जातीवरून ठरत असे. वास्तूच्या पायऱ्या म्हणजे एका अर्थी समाजाच्याच पायऱ्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. तेथे शिकून नोकरीस लागलेल्या पहिल्या पिढीच्या दृष्टीने स्वतःच्या घरापुढे ओटा बांधून पाहुण्याला खुर्ची देणे ही केवळ सोयीची बाब नव्हती, असे आम्हांस वाटते.

सिडकोतील पोर्च :

छावणीतील बंगल्यांच्या व्हरांड्याविषयी येथे विस्तार करीत नाही. तो साहेबी थाट सामान्य घरांपर्यंत क्वचितच पोहोचला. खरा बदल घडला तो १९७० नंतर. सिडकोने नवीन औरंगाबादचा प्रकल्प हाती घेतला आणि एन-१, एन-२ अशा क्रमांकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घरे लहान, पुढे थोडी मोकळी जागा. पहिल्या काही उन्हाळ्यांतच या जागेवर पत्रे आले, पुढे स्लॅब पडला. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराला त्याशिवाय गत्यंतर नव्हते. मे महिन्यात येथील तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते.

१९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. घरोघरी दुचाकी आली, तसे सावलीवर माणसांआधी वाहनाचा हक्क सांगितला जाऊ लागला. पुढे चारचाकी आली आणि पोर्चला लोखंडी जाळी लागली. जुनी ओसरी भेदभाव करीत होती, पण माणसाला बसवीत होती. नवा पोर्च जात विचारीत नाही, पण तिथे बसायलाच जागा नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही जागा सामासिक अंतरात येते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पोर्च व त्यावर चढविलेली खोली अनधिकृत ठरते. गुंठेवारी वसाहतींत तर सामासिक अंतरच नाही; तेथे ओटा थेट रस्त्यावर उतरतो. २००१ चा गुंठेवारी अधिनियम आणि २०२१ मधील त्याची सुधारणा यांनी अशा बांधकामांच्या नियमितीकरणाची वाट मोकळी केली.

संशोधकापुढील अडचण वेगळी आहे. सिडकोच्या मूळ नकाशांत या जागेवर ‘मोकळी जागा’ एवढेच लिहिलेले असते. पत्रे केव्हा आले, ओटा कोणी बांधला, तो पुढे का बुजविला, हे कोणत्याही दप्तरात नाही; ते घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आणि फरशीच्या सांध्यांत आहे. आज यांपैकी अनेक घरे पाडून त्या जागी मजली इमारती होत आहेत. इतिहास व भूगोल विभागांच्या विद्यार्थ्यांनी एका वसाहतीतील घरे पाडली जाण्यापूर्वी मोजून काढली, तर या शहराच्या गेल्या पन्नास वर्षांचे एक साधन हाती येईल.